कला शाखा कोणासाठी?

बारावीचा निकाल लागला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील घराघरांत एक उतरंड ठरलेली असते. आधी वैद्यक व अभियांत्रिकी, मग औषधनिर्माण व संगणक, नंतर वाणिज्य. आणि जेथे गुण किंवा पैसा अपुरा पडतो तेथे कला. ही उरलेल्यांची शाखा मानली जाते. परंतु हे उरलेले कोण आहेत? साक्री-शिरपूरकडील आदिवासी मुले, शेतमजुरांच्या आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुली, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे तरुण. कला शाखेची हेळसांड ही प्रत्यक्षात या वर्गाची हेळसांड आहे, आणि म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने हा प्रश्न केवळ प्राध्यापकांचा समजून बाजूला सारता कामा नये.

खानदेशात नेहमीच अशी दृष्टी नव्हती. अमळनेरसारख्या गिरणीच्या गावी १९१६ साली प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजींनी तेथे अध्ययन केले आणि पुढे त्याच गावी ते शिक्षक झाले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले. पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापन करून त्यांचा कागदपत्रांचा ठेवा सांभाळण्याची जबाबदारी घेतली. यातील गिरणीचा पैसा मुळात कामगारांच्या श्रमातून आला होता, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही त्या काळच्या समाजाला गिरणीच्या गावातही तत्त्वचिंतनाची जागा हवीशी वाटली, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

आज चित्र वेगळे आहे. राज्य शासनाने २०१७ साली पदभरतीवर निर्बंध घातले. पुढे मंजुरी मिळाली ती रिक्त जागांच्या काही भागालाच. त्यामुळे अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर पडला आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि पात्रता परीक्षा पार केलेला हा शिक्षक तासावर मोजला जातो. सुटीच्या महिन्यांत त्याचे मानधन बंद होते. शेतमजुराचा मुलगा शिकून प्राध्यापक व्हावा आणि पुन्हा रोजंदारीवरच यावा, ही शिक्षणाच्या प्रगतीची विपरीत गती आहे. इतिहास किंवा तत्त्वज्ञानाचा एकमेव शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते, विद्यार्थी रोडावतात, आणि मग विद्यार्थी नाहीत म्हणून विषयच बंद करण्याचा युक्तिवाद पुढे येतो.

यावर विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे: या पदवीने भाकरी मिळते काय? मूठभर सरकारी जागांसाठी वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसणारे पदवीधर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. मात्र उत्तर देताना अर्थशास्त्रातील एक प्राथमिक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. बाजारातील मागणी आणि समाजाची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्या हाती क्रयशक्ती नाही त्याची गरज बाजाराला दिसत नाही. कला शाखेला मागणी नाही असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तिची गरज असणाऱ्यांच्या खिशात पैसा नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

वनहक्क कायद्याचेच उदाहरण घ्यावे. २००६ चा हा कायदा आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवर हक्क देतो; पण हक्क सिद्ध करावा लागतो. २००८ साली अमलात आलेल्या नियमांनी गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे हे पुरावे ग्राह्य धरले आहेत. गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही ग्राह्य आहे. खानदेशचे गॅझेटियर १८८० सालचे आणि इंग्रजीत आहे. वृद्धाचे निवेदन भिली किंवा पावरी बोलीत असते. दाव्याचे कागद मराठीत लिहावे लागतात. जुना दस्तऐवज वाचणारा, म्हाताऱ्याचे बोलणे त्याच्या बोलीत समजून घेणारा आणि ते नेमक्या मराठीत मांडणारा माणूस येथे हवा. हे इतिहासाचे, भाषेचे आणि समाजशास्त्राचे काम आहे. दाव्याची मांडणी कच्ची राहिली की पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन हातची जाऊ शकते. दावेदार या माणसाला वेतन देऊ शकत नाही, म्हणून असे पद बाजारात निर्माण होत नाही.

भाषेचीही तीच गोष्ट. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या अठरा लाखांहून अधिक नोंदली गेली. तरीही अहिराणी बोलणारा विद्यार्थी वर्गात तोंड उघडण्यास संकोचतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी स्त्रीने आपल्या बोलीत जे निर्माण केले, ते इतरांनी लिहून ठेवले म्हणून टिकले. नाव दिल्याने विद्यापीठाचे ऋण फिटत नाही. बहिणाबाईंच्या लेकीबाळींची बोली अभ्यासाचा विषय झाली तरच ते फिटेल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कला शाखेतील मंजूर पदे पूर्णवेळ भरली जावीत. विद्यार्थी थोडे आहेत या सबबीवर ग्रामीण व आदिवासी भागातील विषय बंद करू नयेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्यासाठी व समाजकार्यासाठी श्रेयांक आहेत. ते कोणत्या तरी दुकानातील उमेदवारीवर खर्ची न घालता ग्रामसभेचे दावे, बोलींचे संकलन, केळी व कापूस उत्पादकांच्या कर्जाची पाहणी यांसाठी वापरता येतील. यातून जे लिहिले जाईल ते गावाच्या उपयोगी पडेल आणि विद्यार्थ्यालाही आपल्या शिक्षणाचा अर्थ उमगेल.

विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. ही नोंदणी आणि ही निवडणूक कार्यकर्त्यांनी आजवर संस्थाचालकांच्या गटांवर सोडून दिली. गावोगावच्या पदवीधरांची नावे नोंदविणे हे कष्टाचे पण शक्य कोटीतले काम आहे. ज्या मुलामुलींना दुसरा दरवाजा उघडा नाही, त्यांच्यासाठी उघडा असलेला एकमेव दरवाजा मोडकळीस येऊ देणे समतेच्या चळवळीला परवडणारे नाही.