शिशाचं सोनं झालं, पुढे काय?

मे 2025मध्ये ‘शिशाचं सोनं केलं’ ही बातमी गाजली. सुट्टीनंतर कॉलेज उघडलं, तेव्हा बारावीच्या वर्गात पहिला प्रश्न तोच आला : ‘सर, खरंच सोनं?’ खरंच. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या ‘ॲलिस’ प्रयोगाने हिशेब मांडला. 2015 ते 2018 या काळात शिशाच्या अणुकेंद्रांच्या निसटत्या टकरींत सोन्याची सुमारे 8,600 कोटी अणुकेंद्रं तयार झाली. वजन 29 पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले 29. तीही लगेच फुटली.

त्याच टकरींत याहून मोलाचं काही घडतं आणि त्यावर फारसं कुणी लिहिलं नाही, याची मला खंत वाटते.

मळवली स्टेशनात न थांबणारी एक्स्प्रेस धडधडत निघून जाते. डबा अंगाला लागत नाही, तरी हातातला कागद उडतो. शिशाची दोन अणुकेंद्रं अशीच, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, एकमेकांना न शिवता जातात. प्रत्येकात 82 प्रोटॉन. त्यांचं विद्युतक्षेत्र त्या वेगात फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या झोतासारखं वागतं, आणि झोताची तीव्रता 82च्या वर्गाच्या पटीत असते. यातला एखादा फोटॉन समोरच्या केंद्रावर जातो आणि त्यातून ऱ्हो मेसॉन हा कण जन्मतो, क्वचित जे-साय हा कण. प्रकाशातून द्रव्य! समोरासमोरच्या टकरीत हजारो कण उधळतात. इथे ऱ्होचे पायॉन नावाचे दोन कण होतात आणि एवढ्या अवाढव्य यंत्रात दोनच वक्र रेषा उमटतात, बाकी सगळं रिकामं. ते चित्र मी फळ्याशेजारी लावलं आहे. मुलं त्याच्यापुढे थबकतात.

जे-साय किती बनतात, यावरून शिशाच्या पोटातल्या ग्लुऑनची, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनना आतून बांधून ठेवणाऱ्या कणांची, दाटी समजते. सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची नुसती बेरीज केली तर जेवढी यावी, त्यापेक्षा ती कमी भरली आहे. का, यावर अजून काम चालू आहे.

हे आपल्याला परकं नाही. वेगवान भारित कण जवळून जाताना इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी कशी निर्माण होते, याचं गणित होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना 1935मध्ये मांडलं होतं. आज आयआयटी मुंबई ‘ॲलिस’मध्ये सहभागी आहे.

आमची मुलं तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत लागतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. पण फोटॉन म्हणजे बोर्डाच्या पेपरातली चार मार्कांची गणितं, एवढीच त्यांची ओळख राहावी हे मला मान्य नाही. सर्नने आपल्या प्रयोगांची बरीच माहिती सर्वांसाठी खुली केली आहे. ती उघडायला साधा संगणक आणि जाणता माणूस लागतो. तालुक्याच्या कॉलेजांत संगणक आहेत. परीक्षेचे फॉर्म भरून झाले की त्यांना कुलूप लागतं.

पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी एखाद्या शनिवारी आमच्याकडे वडगावला यावं. कुलूप उघडून घेण्याची जबाबदारी आमची.