बटण लावण्याचें शिक्षण

कांहीं मुलें बसावयास, चालावयास, बोलावयास उशिरां लागतात. अशा मुलास आई आठव्या वर्षींही स्वहस्तें घांस भरविते. हें प्रेम खरें. परंतु त्यामुळें मुलाचे हात शिकावयाचे राहून जातात, असें आमचें मत आहे.

व्यवसायोपचार ही विद्या येथेंच उपयोगी पडते. येथें व्यवसाय म्हणजे पोटाचा धंदा नव्हे. खेळणें, जेवणें, कपडे घालणें हाच बालकाचा व्यवसाय होय. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं या विद्येची शाळा काढली.

हिची एक रीत अगदीं साधी आहे. कामाचे लहान भाग पाडावे. बटण काजांतून अर्धें आईनें सरकवावें, शेवटचें ओढणें मुलाकडे ठेवावें. तें साधलें कीं त्याच्या आधींची पायरी शिकवावी. काम पुरें केल्याचा आनंद मुलास आरंभींच मिळतो.

तज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावाच; पण तज्ज्ञ घटकाभर भेटतो, घर रोजचें असतें. म्हणून पालकांनीं सकाळीं दहा मिनिटें थांबावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, अशा मुलास हंसूं नका. त्यास खेळांत घ्या, व त्याचा चेंडू येईपर्यंत वाट पाहा.