शिट्टीपेक्षा झडप महत्त्वाची

गोंदिया धानाचा जिल्हा. इथे कुकर रोज लागतो. गॅसवर कॉफी करायचा ‘मोका पॉट’ क्वचितच दिसतो. पण दोन्ही भांडी एका कुळातली.

1933 मध्ये इटलीत आलेल्या मोका पॉटमध्ये खाली पाणी, मध्ये चाळणीत कॉफीची पूड आणि वर रिकामा कप्पा असतो. खालची हवा आणि वाफ तापून पाण्याला दाबते. पाणी नळीतून चढते आणि पुडीतून वर येते. पूड फार बारीक किंवा ठासून भरली, तर ही वाट चोंदते. अशा वेळी खालच्या कप्प्याची छोटी झडप वाफ सोडते. म्हणून पाणी झडपेच्या खालीच हवे.

कुकरमध्ये शिट्टीचे वजन दाब ठरवते आणि पाणी साधारण 120 अंशांना उकळते. डाळीच्या फेसाने शिट्टीची नळी चोंदली, तर भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर. तो एकदा उडाला की बाजारातला कुठलाही बसवायचा, ही काटकसर नव्हे. कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मग व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा का नको? दुकानदारानेही मॉडेल विचारल्याशिवाय तो देऊ नये.

वाफेचा चटका साधा नसतो. एक ग्रॅम वाफ नुसती पाणी होतानाच सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते. तेवढेच उकळते पाणी अंगाइतके निवताना 65 देखील सोडत नाही. भाजलेच तर हळद नको, टूथपेस्ट तर नकोच. वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी, आणि मग दवाखाना.