खलनायकाची सकाळ

सिनेमा संपतो. नायक जिंकलेला असतो, व्हिलन मेलेला असतो, दिवे लागतात. आणि आपली पोरं बाहेर पडताना मेलेल्याबद्दलच बोलत असतात. त्याचं चालणं, त्याचं बोलणं, त्याने राजाच्या तोंडावर मारलेले सवाल. नायकाचं नाव कुणी काढत नाही. घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांच्या मधे अंग टाकलं, डोळे मिटले, की तोच सिनेमा पुन्हा सुरू. ह्या खेपेला मात्र किलमाँगर मरत नाही. मॅग्नेटो हरत नाही. कुणी हे मनात ठेवतो, कुणी वहीत लिहून काढतो, कुणी चित्र काढून दोस्ताला दाखवतो.

आमचे काही वडीलधारे कार्यकर्ते ह्याला पोरखेळ म्हणतात. अमेरिकन भांडवलाची अफू म्हणतात. अफू तर आहेच. पण अफू विकणाऱ्याने सांगितलं होतं, नायकावर प्रेम करा. पोरांनी ते ऐकलं नाही. दोस्तांनो, ह्या न ऐकण्याकडे आपण नीट बघितलं पाहिजे.

कारण हा खेळ आपल्याला नवा नाही. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली. पुराणातला बळी, वामनाने पाताळात घातलेला, त्यांनी हाताला धरून वर काढला आणि सांगितलं, हा आपला राजा, आणि तो बुटका घुसखोर. भटांच्या पोथीतला खलनायक शेतकऱ्याच्या घरात आधीपासून नायक होताच. दिवाळीत ओवाळताना आयाबाया बळीचं राज्य येवो म्हणत होत्या, कुठल्या पुराणिकाची परवानगी न घेता. त्यांच्या त्या पुटपुटण्याला जोतीरावांनी पुस्तक दिलं. आणि ते अर्पण कुणाला केलं? अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या माणसांना. म्हणजे अमेरिका आणि आपण, हा रस्ता दीडशे वर्षांचा आहे. तो काही मल्टिप्लेक्सवाल्यांनी बांधलेला नाही.

पण जोतीरावांनी एक गोष्ट केली, जी आपली स्वप्नं करत नाहीत. त्यांनी बळीला राज्य दिलं. नऊ खंडांचा न्याय बघणारा तो खंडोबा, महासुभा तो म्हसोबा, असा सगळा कारभार मांडला. ती व्युत्पत्ती पंडितांना पटो न पटो, त्यांच्या पटण्यावर आपलं काही अडलेलं नाही. मुद्दा असा, की जोतीरावांचा खलनायक सकाळी उठून काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. किलमाँगर सकाळी उठून काय करणार होता, सांगा?

सांगता येत नाही. ते सांगता येऊ नये अशीच त्याची गोष्ट लिहिलेली असते.

मॅग्नेटोचं बघा. १९६३ साली ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात तो आला तेव्हा नुसता लोखंड उडवणारा दुष्ट होता. १९८१ साली, दीडशेव्या अंकात, ख्रिस क्लेअरमाँट ह्या लेखकाने त्याला ऑशविट्झच्या छळछावणीतलं बालपण दिलं. झालं. माणसाला एकदा कारण मिळालं की तो खलनायक म्हणून फार दिवस टिकत नाही. १९८५ साली तोच मॅग्नेटो नायकांच्या शाळेचा मुख्याध्यापक होऊन बसला. सकाळी पोरांना शिकवायचं, त्यांची काळजी वाहायची. म्हणजे त्याला सकाळ मिळाली! मग १९९१ साली नवी मालिका निघाली आणि तिच्या पहिल्याच अंकात मॅग्नेटो परत शत्रूच्या जागी उभा. त्या एका अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. तीन अंकांनंतर क्लेअरमाँट बाहेर पडला. छळछावणीतून आलेला माणूस मुख्याध्यापक झाला तर दुकान चालत नाही. तोच माणूस शहरं उलथवायला निघाला की चालतं. लेखणी कुणाचीही असो, दौत मालकाची असते.

आता किलमाँगर. हा तर आपल्या अगदी जवळचा. ब्लॅक पँथर हे पात्र कॉमिकमध्ये आलं १९६६च्या जुलैच्या अंकात, आणि ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. पार्टीने ते चिन्ह उचललं होतं अलाबामातल्या लाउंड्स काउंटीच्या काळ्या मतदारांच्या पक्षाकडून. आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी नाव घेतलं ते ओकलंडच्या पँथरचं, वाकांडाच्या राजाचं नव्हे. हे विसरू नका.

२०१८ साली सिनेमा आला. दिग्दर्शक रायन कूग्लर हा ओकलंडचाच काळा पोरगा, त्यामुळे त्याच्यावर उगाच तोंडसुख घेणार नाही. त्यानेच तर व्हिलनला सगळ्यात खरे सवाल दिले. गोष्ट सुरू होते १९९२च्या ओकलंडमध्ये. राजा आपल्याच भावाला मारतो आणि त्याच्या पोराला तिथेच टाकून जातो. तो पोरगा मोठा होऊन दारात उभा राहतो आणि विचारतो: तुमच्याकडे एवढं सगळं होतं, जगभर आपली माणसं चिरडली जात होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात? ह्याला राजाकडे उत्तर नाही. म्हणून लिहिणाऱ्याने काय केलं? ह्या पोराच्या हातून त्याच्या मैत्रिणीला गोळी घालायला लावली. राजाला शक्ती देणारी वनस्पती जपणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा गळा धरायला लावला, ती बाग जाळायला लावली. सवाल खरा आहे ना? मग विचारणाऱ्याचे हात घाण करून टाका, म्हणजे सवालही घाण दिसेल. आणि दलितांसाठी, काळ्यांसाठी निघालेली हत्यारं आकाशात पाडतो कोण? सीआयएचा गोरा एजंट. तो नायकाच्या बाजूचा! च्यायला, पँथर नावाच्या सिनेमात.

खऱ्या ओकलंडमध्ये काय होतं? १९६९च्या जानेवारीत तिथल्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये पँथरांनी शाळेला जाणाऱ्या पोरांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली. उपाशी पोराला फळ्यावरचं दिसत नाही, हा साधा हिशोब. वस्तीतल्या आया, कॉलेजातली पोरंपोरी पहाटे उठून स्वयंपाक करत. मग दवाखाने निघाले, सिकल सेलची तपासणी निघाली. आणि एफबीआयचा प्रमुख हूवर घाबरला तो बंदुकांइतकाच ह्या न्याहारीला. त्याच्या खात्याच्या १९६९च्या कागदांतच ते आहे, की पँथरांचं सगळ्यात परिणामकारक काम हेच, आणि म्हणून सगळ्यात धोक्याचंही हेच. त्याच वर्षी ४ डिसेंबरच्या पहाटे शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी त्याच्या बिछान्यात गोळ्या घातल्या. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवलेला. वय एकवीस. शिकागोतली न्याहारी चालवणाऱ्यांत तो होता.

सिनेमातल्या ओकलंडमध्ये ही न्याहारी नाही. पार्टी १९८२पर्यंत संपलीच होती. तो पोरगा अनाथ होतो दहा वर्षांनी. त्याच्या वाट्याला पँथरची बंदूक आली, पँथरची सकाळ नाही. शेवटी राजा येतो, पडक्या इमारती विकत घेतो, मदत केंद्र काढतो. म्हणजे करायचं तेच, पण दानधर्म म्हणून आणि राजाच्या हातून. २०२१ साली कंपनीने स्वतःच ‘असं झालं असतं तर’ म्हणून कार्टून मालिका काढली. तिच्यातही किलमाँगर आला, आणि ह्या खेपेला आधीपेक्षा जास्त कपटी. मालक स्वप्नही बघतो ते मालकाचंच.

इथे थोडा पाय आवरा. प्रत्येक व्हिलन आपला नाही. थॅनोस बरोबर होता असं छातीठोक म्हणणारी पोरं आपल्यातही आहेत. माणसं फार झालीत, अर्धी कमी करा, हे त्याचं तत्त्वज्ञान. सिनेमात तो चुटकी वाजवतो आणि गरीब-श्रीमंत न बघता अर्धं जग नाहीसं होतं. प्रत्यक्षात अर्धे कोण असतात? १९७६ साली आणीबाणीत लोकसंख्या कमी करायला निघाले तेव्हा नसबंदीच्या टेबलावर बंगल्यातला साहेब होता का? फुटपाथवरचा होता, वस्तीतला होता, ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती तो होता. चुटकी कधी आंधळी नसते. थॅनोसच्या बाजूने बोलणाऱ्या दोस्ता, तू कुठल्या अर्ध्यात आहेस ते आधी बघ.

आणि जोकर? २०१९च्या सिनेमातला जोकर मार खातो, त्याचे औषधपाणी बंद होते, तिथवर तो आपला वाटतो. पण त्याला कुणाशी काही घेणं नाही. रस्त्यावर त्याच्या नावाने आग लागते तेव्हा तो गाडीवर चढून नाचतो. एवढंच.

त्याच २०१८ साली जूनमध्ये पा. रंजितचा ‘काला’ आला. धारावीची गोष्ट. पांढऱ्या कपड्यातल्या पुढाऱ्याच्या घरी रामकथा चाललेली, आणि तिकडे वस्ती जळत असते, काला लढत असतो. कथेतला रावण म्हणजे हा काळा म्हातारा, आणि पिक्चर त्याच्या बाजूचा. रजनीकांतच्या देवपणाचा भार त्या सिनेमाला होतो, हे आमचं मत; दोन-चार मारामाऱ्या कमी चालल्या असत्या. पण त्यात एक गोष्ट आहे जी हॉलिवुडच्या एकाही व्हिलनला सुचलेली नाही. वस्ती कामावर जायचं बंद करते, आणि शहर जागच्या जागी थांबतं. ह्या रावणाला सकाळ आहे. ती त्याने शहराकडून काढून घेतली. शेवटी रंग उधळतात, काळा, लाल, निळा, आणि गर्दीतला प्रत्येक चेहरा कालाचा होतो.

पुढच्या अंकात चार पानं ह्या स्वप्नांसाठी ठेवतो आहोत. वहीतली असोत, मोबाईलवर लिहिलेली असोत, पाठवा. शुद्धलेखनाची फिकीर नको. किलमाँगरला जिवंत ठेवा, खुशाल ठेवा. पण तो सिंहासनावर बसला इथे थांबू नका. दुसऱ्या दिवशी सात वाजता नळाला पाणी कुणी सोडलं, भांडी कुणी घासली, ते लिहा. बायका मारून मोठे झालेले मर्द आम्ही छापणार नाही. ते बाजारात पुष्कळ मिळतात. आणि त्या बागेतली ती म्हातारी, जिचा गळा धरला, तिच्या तोंडून कुणी ही गोष्ट लिहिली, तर पहिलं पान तिचं.