‘टाइम’ची मिरासदारी

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण परवा आमच्या तोंडून सहज निघाली. दिल्लीत जन्मलेल्या आमच्या चिरंजीवांनी शंका काढली, ‘म्हणजे टाइम आला होता, पण टाइम आला नव्हता?’ घरात हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. ‘टाइम झाला’, ‘टाइम नाही’, ‘टाइम आला की बघू’ ही भाषा त्याने आमच्याच तोंडून ऐकली होती.

परक्या शब्दांविषयी आमची तक्रार नाही. दिवसभर कचेरीत इंग्रजी आणि हिंदी टिप्पण्या लिहिणाऱ्या कारकुनाने सोवळ्याचा आव आणू नये. मराठीने ‘मुदत’ अरबीतून घेतली, ‘हंगाम’ फारसीतून घेतला. फारसीत ‘हंगाम’ म्हणजे वेळ. मराठीने त्याला पिकापाण्याच्या दिवसांशी जोडून स्वतंत्र काम दिले. असे पाहुणे घराची श्रीमंती वाढवितात. ‘टाइम’ मात्र घरच्या माणसांची कामे काढून घेऊन एकटाच गादीवर बसला आहे.

इंग्रज या एका शब्दाने घड्याळ विचारतो, खेपा मोजतो, गुणाकार करतो, गाण्याचा ताल सांगतो आणि युगाचीही चर्चा करतो. आमच्याकडे त्यासाठी वेळ, खेप, पट, ताल आणि काळ असे निरनिराळे शब्द आहेत. तीनदा आलेला मनुष्य आणि तिप्पट झालेली किंमत यांत मराठी माणसाची गल्लत होत नाही. इतकेच काय, आमचा ‘वेळ’ लिंग बदलून अर्थ बदलतो. जो घालवला तो वेळ पुल्लिंगी. जी येते आणि टळते ती वेळ स्त्रीलिंगी. कामाला सवड असते, कर्जाला मुदत असते आणि लग्नाला मुहूर्त असतो. या साऱ्यांना ‘टाइम’ म्हणणे म्हणजे सर्व नातेवाइकांना ‘अंकल’ म्हणण्यापैकीच होय.

‘इंग्रजी काटेकोर, मराठी मोघम’ असे म्हणणाऱ्यांना आमच्या टेबलावरचाच एक दाखला देतो. ‘फॉर द टाइम बीइंग इन फोर्स’ हे शब्द आपल्या कायद्यांत जागोजागी आढळतात. त्यांचा रोख कायदा झाला त्या दिवसाकडे, की पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रसंगाकडे, याचा खल न्यायालयांना करावा लागला आहे. मराठी अनुवादात ‘त्या त्या वेळी अंमलात असलेला’ असे लिहितात. एका द्विरुक्तीने वाद मिटतो!

इंग्रजीचे तरी यात काय चुकले? तिने आपल्या शब्दाभोवती अव्ययांचा आणि वाक्प्रचारांचा लवाजमा उभा केला आहे. त्यामुळे तिचे अर्थ एकमेकांत मिसळत नाहीत. आम्ही लवाजमा तिथेच ठेवून नुसता शब्द उचलला आणि घरच्या छटा गमावून बसलो.

‘अर्थ कळला म्हणजे झाले,’ असे कोणी म्हणेल. पण आमच्या मुलाला तो कळला नाही, हेच तर आमचे दुखणे आहे. पुण्यासाताऱ्याचे मूल घरात चुकले तर रस्त्यावर, बाजारात, शाळेत सुधारते. परप्रांतातल्या मुलाची मराठी शाळा, मराठी बाजार आणि मराठी गाव म्हणजे आईबापांचे तोंड. तिथून जो शब्द नाहीसा झाला तो त्याच्यापुरता भाषेतूनच नाहीसा झाला. वर्षातून एकदा मंडळाच्या गणेशोत्सवात ऐकलेल्या भाषणाने तो परत येत नाही.

मराठीवर काळ आला आहे, अशी हाकाटी करणारे पुष्कळ आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, वेळ अजून आलेली नाही. ती येऊ द्यायची की नाही, हे आज रात्री जेवताना आपण मुलांशी कोणत्या शब्दांत बोलणार आहोत यावर अवलंबून आहे.