कोकमाची बी आणि आपली पेठ

थंडी पडली की बेळगावात टाचांना भेगा पडू लागतात आणि फडताळातला कोकमाच्या तेलाचा पांढुरका गोळा बाहेर निघतो. आमच्या लहानपणी त्यास कोणी प्रसाधन म्हणत नसे. दिव्यावर किंचित ऊब देऊन तो टाचेवर, ओठांवर घासावयाचा, एवढेच. आज तोच पदार्थ ‘कोकम बटर’ ह्या नावाने नाजूक बरणीत शिरला आहे, आणि किंमत ऐकून आपण चकित होतो. व्यापाऱ्याने नुसते चकित होऊन कसे चालेल? त्याने हिशेब मांडावयास हवा.

कोकणात आणि गोव्यात वैशाखाच्या सुमारास कोकम, म्हणजे गोमंतकीयांचे भिरंड, पिकते. सालीचे आमसूल होते, रसाचे सरबत होते, आणि बी उरते. बायका ती वाळवून फोडतात, मगज कुटून पाण्यात उकळतात, आणि वर आलेले तेल काढून त्याचे गोळे वळतात. हे तेल सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते उन्हाळ्यातही घट्ट राहते. लवकर खवटही होत नाही. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटात मर्यादित प्रमाणात घालण्यास ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांस मान्यता दिली, त्यांत कोकम आहे. एवढा गुणी माल आपण बीच्या भावाने घाटावर चढू देतो आणि बरणीच्या भावाने परत घेतो, हे मला शोभादायक वाटत नाही.

आपल्या घरांना ह्यात आणखी एक सोय आहे. बाजारातील कित्येक मलमांत मधमाशांचे मेण किंवा लोकरीतील चरबी असते. मलमास घट्टपणा आणण्याचे ते काम कोकम बऱ्याच अंशी करते. अहिंसेचा विचार आणि धंद्याचा विचार असे एका वाटेने क्वचितच जातात!

मात्र येथेच सावध झाले पाहिजे. ‘सूर्यकिरणांपासून संपूर्ण संरक्षण’ अशी चिठ्ठी अशा डब्यांवर मी पाहिली आहे. ती खोटी आहे. कोकम त्वचेतला ओलावा धरून ठेवते, वाऱ्याथंडीला आडोसा देते. उन्हासाठी झिंक ऑक्साइडसारखे द्रव्य योग्य प्रमाणात घालून त्याची रीतसर तपासणी व्हावी लागते. किनाऱ्यावरच्या उंडीचेही तसेच. तिच्या तेलावर पूर्वी दिवे जळत. ताहितीत त्याच तेलास तामानू म्हणतात आणि त्या नावाने ते जगभर प्रसाधनांत खपते. पण त्याचा वास उग्र, आणि काहींच्या त्वचेस ते मानवत नाही. ग्राहकास हे आधी सांगावे.

भेसळीचा अनुभव तर मी स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून आणलेला गोळा कढत पाण्याच्या वाटीवर धरला, तो काही केल्या विरघळेना. मेणबत्तीचे मेण निघाले! तोवर त्यातले चार गोळे विकले गेले होते. दोन गिऱ्हाइके ओळखीची होती, त्यांचे पैसे घरी जाऊन परत केले. उरलेली दोन कोण, ते आजही ठाऊक नाही.

तेव्हापासून गल्ल्याजवळ वाटी आणि थर्मामीटर ठेवला आहे. गोळा घेणाऱ्या गिऱ्हाइकाने मागितल्यास त्याच्यासमोर तुकडा वितळवून दाखवितो.