माय-बहिणींच्या डोळ्यांचा पडदाही तपासा

साखर कारखान्याच्या पत्रकात साखरेच्या रोगावर लिहावे, हे काही सभासदांना खटकेल. पण घराघरांत शिरलेल्या या रोगावर आपण गप्प बसणे बरे नव्हे, असे आम्हांस वाटते.

अमरावती-अकोल्याकडे अजून समज असा की, मधुमेह हा जाड्या, बसून खाणाऱ्या माणसाचा रोग. वावरात राबणारी बाई म्हणते, "मले कायची साखर? अंगावर मास तं हाये का?" हा समज खरा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे विलायती बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी भरली, पण अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. म्हणजे किडकिडीत माणसालाही साखर होते.

त्यात आपल्याकडे घरची बाई सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, पुरुषांत २१.९ टक्के. रक्तक्षय असलेल्या मधुमेही माणसाच्या डोळ्यांना धोका जास्त असतो.

साखरेने डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पाझरतात. डोळा दुखत नाही, सुरुवातीस नजरही कमी होत नाही. २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांत हा विकार दिसला. म्हणजे सहांत एक. गेलेली नजर बहुधा परत येत नाही. वेळीच लेसर किंवा इंजेक्शन मिळाले तर उरलेली वाचते. म्हणून मधुमेह्याने वर्षातून एकदा पडदा तपासलाच पाहिजे.

आपल्याकडे नेत्रशिबिर म्हटले की मोतीबिंदू आणि चष्मा एवढेच. आमचे म्हणणे असे की, प्रत्येक शिबिरात रक्तातील साखर व हिमोग्लोबिन पाहावे, आणि साखर निघाली त्याच्या डोळ्यांत थेंब टाकून पडदाही पाहावा. दोष दिसला त्यास अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पाठवावे. शिबिर सोयाबीनची सोंगणी व कापसाची वेचणी आटोपल्यावर घ्यावे, नाहीतर बायका येणार कशा? आणि यादी केवळ सभासदांच्या नोंदवहीवरून करू नये. शेअर बहुधा घरधन्याच्या नावावर असतो. डोळे मात्र घरधनिणीलाही आहेत.

बाकी काम घरचे. तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, मूठभर शेंगदाणे तिच्याही ताटात पडू द्या. मधुमेह असेल तर ज्वारीची भाकरही मापातच खावी. चहातली साखर कमी करा. त्याने कारखाना काही बंद पडणार नाही!

संचालक मंडळाने यंदाच्या शिबिरापासूनच हे सुरू करावे, आणि सभासद बंधूंनी त्या दिवशी घरच्या बाईला सोबत घेऊन यावे.